आकड्याला नाव लागेपर्यंत

रक्तातले वायू मोजणारं यंत्र आपलं उत्तर एका अरुंद कागदी पट्टीवर छापतं. वर तारीख आणि वेळ, खाली पीएच, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, बायकार्बोनेट, सोडियम, पोटॅशियम, लॅक्टेट. या छपाईत शाई नसते. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. म्हणूनच ती अक्षरं टिकतही नाहीत. उन्हाने, उष्म्याने, प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने राहिल्याने ती फिकी होत जातात. तळोद्याला मे महिन्यात पारा चाळिशी कधीच ओलांडून जातो. आणि सातपुड्यातून उतरून आलेला माणूस दवाखान्याचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीतच जपून ठेवतो, कारण पावसाळ्यात घरात तेवढीच एक कोरडी जागा असते. पुढच्या खेपेला तो पिशवी उघडतो, केस पेपर काढतो आणि डॉक्टरांपुढे धरतो. केस पेपरला टाचलेली पट्टी जागेवर असते, पण तिच्यावर काही वाचता येत नाही.

माझं काम प्रयोगशाळेतली यंत्रं कॉम्प्युटरला जोडून द्यायचं. ॲनालायझर एका बाजूला, रुग्णालयाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला, आणि मधली तार, पत्ते, पोर्ट, भाषा हे सगळं माझ्याकडे. खानदेशातल्या लहान-मोठ्या लॅबमध्ये हे काम करत आलो आहे. लोक याला ‘मशीन जोडणं’ म्हणतात. तळोद्यातल्या एका लहान रुग्णालयात असंच एक वायू मोजणारं यंत्र जोडायचं होतं. त्या कामात मला जे दिसलं ते लिहावंसं वाटलं. यंत्रातून आकडा बाहेर पडला म्हणजे तपासणी झाली असं आपण समजतो. पण तो आकडा कोणाचा, कोणत्या वेळचा, तो माणूस तेव्हा किती ऑक्सिजनवर होता, हे त्याच्यासोबत येत नाही तोवर डॉक्टरने त्याच्यावर विसंबू नये. ही सोबत घडवणं हेच त्या तारेचं काम आहे.

हे यंत्र जन्माला आलं ते एका साथीतून. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओ पसरला. ब्लेगडॅम रुग्णालयात छातीचे स्नायू लुळे पडलेली मुलं येऊ लागली. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे, आणि डॉक्टर त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झालंय असा लावत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला तो अर्थ पटला नाही. त्याचं म्हणणं असं, की मुलं श्वास बाहेर टाकू शकत नाहीत, वायू आत साठतोय आणि रक्त आम्लधर्मी होतंय. त्याने ऑगस्टच्या अखेरीस एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनळीला छेद देऊन, पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला, आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून मुलांच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख पॉल ॲस्ट्रुप याने रेडिओमीटर या डॅनिश कंपनीच्या मीटरवर रक्ताचा पीएच मोजला, तेव्हा इब्सेनचं म्हणणं खरं निघालं. 1954 साली अमेरिकेत लेलंड क्लार्कने ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड घडवला, पुढच्या काही वर्षांत जॉन सेव्हरिंगहाऊसने कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड पक्का केला, आणि 1973 साली रेडिओमीटरनेच आपोआप चालणारं पहिलं यंत्र बाजारात आणलं. आज तळोद्याच्या टेबलावर जे यंत्र आहे ते त्याच घराण्यातलं. मनगटातल्या धमनीतून काढलेलं मिलीलिटरभर रक्त त्याला पुरतं, आणि एक-दोन मिनिटांत उत्तर येतं.

कोपनहेगनच्या त्या गोष्टीत मला ॲस्ट्रुपची कामगिरी इब्सेनइतकीच मोठी वाटते. आकडा आधीही होता. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्याच्या शेजारी दुसरा आकडा येऊन बसला तेव्हा त्याचा अर्थ फिरला आणि मुलं वाचली.

तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला डोंगर, पश्चिमेला गुजरातची हद्द. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता गावातून जातो. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे, सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वसाहती सोमावल आणि रोझव्याला. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेली तरुण पोरं इथूनच डोंगर चढायला लागतात. धडगावकडे जायचं तर कोठारवरून चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात हा घाट कधी बंद होईल याचा भरवसा नाही. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, आणि एक माणूस आपल्या आजारी बायकोला खांद्यावर टाकून घाट उतरत असताना ती वाटेतच गेली. वर्तमानपत्रांतून ती बातमी राज्यभर पोचली. डोंगरात आजही पेशंट झोळीत घालून मोटरेबल रस्त्यापर्यंत आणतात, तिथून जीप किंवा 108. इतकं करून माणूस तळोद्याला पोचतो, तेव्हा इथे त्याची जी तपासणी होते ती दुसऱ्यांदा करायची वेळ येणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

त्यातच सिकल सेल. रक्तातलं हिमोग्लोबिन एका जागी बदललेलं, ऑक्सिजन उतरला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. कोपनहेगनमध्ये मुलं गुदमरत होती त्याच 1952 साली लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष असल्याची पहिली नोंद भारतात केली. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा वस्तीच्या या पट्ट्यात तो घरोघर माहीत आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी ही पहिली पायरी. पण सिकलचा मुलगा छातीत दुखतंय, दम लागतोय म्हणून रात्री येतो, तेव्हा त्याच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर डॉक्टरला पूर्ण समाधान देत नाही. या आजारात हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवायची पकडच वेगळी असते. काही मुलांचा बोटावरचा आकडा एरवीही थोडा खालीच असतो. मग आजचा आकडा धोक्याचा की नेहमीचाच? हे दोन गोष्टींनी कळतं. एक म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, आणि दुसरं, हाच मुलगा बरा होता तेव्हाचा त्याचा आकडा. दुसरी गोष्ट त्या फिक्या पडलेल्या पट्टीवर होती.

ऑक्सिजनचं महत्त्व नंदुरबार जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. कोरोनाच्या काळातले इथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. पहिल्या लाटेतच, सप्टेंबर 2020 मध्ये, त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा पहिला प्रकल्प उभा केला. पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी दोन. दुसरी लाट आली आणि मोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा या जिल्ह्याची क्षमता मिनिटाला 2400 लिटरची होती. त्या दिवसांत ऑक्सिमीटर खेड्यापाड्यात पोचला. बोटाला चिमटा लावायचा आणि 94 च्या खाली गेलं की दवाखाना, हे आजीबाईंनाही पाठ झालं. पण तो चिमटा कार्बन डायऑक्साइडबद्दल एक अक्षर सांगत नाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाचा बोटावरचा आकडा 97 असू शकतो आणि आत तो वायू साठून रक्त आम्लधर्मी होत असू शकतं. ते हे यंत्र सांगतं.

आता प्रत्यक्ष जोडणी. लॅबची खोली लहान, एका भिंतीला ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचं यंत्र, सेंट्रिफ्यूज आणि कोपऱ्यात एसीच्या झोताखाली हे वायूंचं. आत रक्त 37 अंशांवर धरून मोजमाप होतं, त्यामुळे खोली फार तापली की यंत्र कुरकुरायला लागतं. उन्हाळ्यात एसी ही इथे चैन नाही. यंत्राच्या पाठीमागे दोन तोंडं असतात. एक जुनं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, दुसरं लॅनचं. जुन्या यंत्रांना फक्त पहिलं असे. ते मानक 1960 चं आहे आणि अजून चालतं. पण त्याची केबल लांब गेली की सिग्नल ढासळतो, पंधरा मीटरच्या पुढे मी नेत नाही. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत निर्धास्त जाते. इथे सर्व्हर म्हणून वापरायचा कॉम्प्युटर बिलिंग काउंटरखाली होता, म्हणजे मधे एक व्हरांडा आणि एक जिना. केसिंग पट्टीतून केबल ओढली, दोन्ही टोकांना आरजे-45 क्रिंप केले, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले.

मग पत्ता द्यायचा. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. घरात, दुकानात राउटर तो आपोआप वाटतो. लॅबच्या यंत्राला आपोआप वाटलेला पत्ता देऊ नये, हा माझा पक्का नियम. आज यंत्राला मिळालेला पत्ता उद्या वीज गेल्यावर सीसीटीव्हीला किंवा एखाद्या सिस्टरच्या मोबाइलला मिळतो, आणि रिपोर्ट येईनासे होतात. कोणालाच कारण कळत नाही. म्हणून राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा एक पत्ता कायमचा ठरवायचा, सबनेट मास्क आणि गेटवे टाकायचा, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक टाकायचा, आणि हे सगळं कागदावर लिहून यंत्राच्या अंगावर चिकटवायचं. पुढे येणाऱ्या माणसाला फोन करत बसायला नको.

पिंग केलं. उत्तर आलं. टेक्निशियन ताईंनी विचारलं, “भाऊ, जोडलं गेलं ना?” पिंगला उत्तर येणं म्हणजे दोन यंत्रांमध्ये तार आहे एवढंच. त्यांचं बोलणं व्हायचं अजून बाकी असतं.

ते बोलणं मला अजून आवडतं. लॅबची यंत्रं बहुतेक ज्या पद्धतीने बोलतात तिला एएसटीएम म्हणतात. काही नवी यंत्रं एचएल-सेव्हन या दुसऱ्या पद्धतीने बोलतात. एएसटीएममध्ये यंत्र एकदम निकाल पाठवत नाही. दारात उभं राहून “येऊ का?” विचारावं तसं आधी एकच चिन्ह पाठवतं आणि थांबतं, पंधरा सेकंद. समोरून “या” आलं तरच पुढे. समोरच्याने “आत्ता नको” म्हटलं तर निदान दहा सेकंद गप्प राहून पुन्हा विचारतं. मग निकाल तुकड्यातुकड्यांनी जातो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्यातल्या सगळ्या अक्षरांच्या बेरजेवरून काढलेली एक खूण असते. घेणारा स्वतः बेरीज करतो, खूण जुळली तरच “पोचलं” म्हणतो. न जुळली तर तोच तुकडा परत. सहा वेळा पाठवूनही जुळलं नाही तर यंत्र तो प्रयत्न सोडतं. एक अक्षर जरी वाटेत बिघडलं तरी ते पुढे जाऊ नये यासाठी ही सगळी काळजी. 7.10 चा 7.40 झाला तर काय होईल हे ज्यांनी विचारात घेतलं, त्या माणसांनी हे नियम लिहिलेत. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

लॅपटॉपवर हा संवाद ओळीओळीने दिसतो. पहिली ओळ यंत्राची ओळख, मग पेशंटची, मग तपासणीच्या मागणीची, मग एकेका निकालाची एकेक ओळ, आणि शेवटी समाप्ती. निकालाच्या ओळीत तपासणीचा संकेत, आकडा, एकक, आणि आकडा कमी-जास्त असल्याची खूण. कंट्रोलचं, म्हणजे आकडे आधीच ठाऊक असलेलं द्रावण लावून पाहिलं. आठ-दहा आकडे सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उतरले. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने काम संपलं होतं.

पण कंट्रोलच्या द्रावणाला नाव नसतं आणि ते श्वासही घेत नाही. म्हणून खरा नमुना पार पडेपर्यंत मी हलत नाही. संध्याकाळी वॉर्डातून एक सिरिंज आली. निमोनियाचा पेशंट, मास्कवर. ताईंनी सिरिंजमधला हवेचा बुडबुडा आधी बाहेर काढला, कारण बुडबुडा राहिला तर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन रक्तात मिसळतो आणि आकडा फसवा येतो. सिरिंज दोन तळहातांत फिरवून घेतली, यंत्राला लावली. स्क्रीनवर पेशंटचा क्रमांक टाकला आणि तो किती ऑक्सिजनवर आहे ते टाकलं, 60 टक्के. दोन मिनिटांनी पट्टी बाहेर आली आणि त्याच क्षणी काउंटरखालच्या कॉम्प्युटरवरही रिपोर्ट उमटला. ऑक्सिजनचा दाब 62. पीएच, कार्बन डायऑक्साइड, सगळं जुळत होतं. ताई पट्टी हातात धरून स्क्रीनवरचा रिपोर्ट वाचत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, मी साठ टक्के टाकले होते ना, ते इथं दिसत नाहीत.”

खरोखरच नव्हते. यंत्राने ते पाठवले होते, माझ्या लॅपटॉपवर ओळ स्पष्ट दिसत होती. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी जे संकेत ओळखायचे म्हणून यादीत घातले होते त्यांत फक्त मोजलेल्या गोष्टी होत्या. टेक्निशियनने हाताने टाकलेली गोष्ट त्यांना तपासणी वाटली नव्हती. यादीत नसलेली ओळ सॉफ्टवेअरने मुकाट्याने टाकून दिली. कुठेही लाल अक्षरांत चूक म्हणून आलं नाही.

62 हा आकडा साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाचा असेल तर त्याला हवेतल्या ऑक्सिजनच्या वाट्याने, म्हणजे 0.21 ने भागायचं, उत्तर येतं 295. फुप्फुसं त्रासात आहेत, पण सावरता येण्याजोगी. तोच 62 साठ टक्के ऑक्सिजनवरच्या माणसाचा असेल तर 0.60 ने भागायचं. उत्तर येतं 103. शंभरच्या आत गेलं की डॉक्टर त्याला गंभीर म्हणतात, म्हणजे हा माणूस त्या काठावर आहे आणि त्याला नंदुरबारला हलवायचं की नाही याचा निर्णय या घटकेला घ्यायचा आहे. दोन्ही रिपोर्टांत छापलेला आकडा एकच. रात्रपाळीचा डॉक्टर जिना न उतरता वरच्या मजल्यावर फक्त स्क्रीन पाहून निर्णय घेणार, आणि जोडणी त्याच सोयीसाठी तर करायची होती. म्हणजे अर्धी जोडणी झाली असती तर ती पट्टीपेक्षा घातक ठरली असती, कारण पट्टीवर साठ टक्के लिहिलेले होते. त्या रात्री सॉफ्टवेअरवाल्यांशी फोनवर बोलून तो संकेत यादीत घातला, शरीराच्या तापमानाचाही घातला, आणि रिपोर्टवर ऑक्सिजनच्या दाबाच्या अगदी शेजारी ती टक्केवारी छापून घेतली. टक्केवारी रिकामी असेल तर रिपोर्टच पुढे जाऊ नये, अशी अटही घातली. ताईंनी तो एक प्रश्न विचारला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. मशीन जोडणाऱ्याइतकाच मशीनवर रोज बसणारा माणूस जोडणीत हवा, हे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सांगतो.

दुसरा प्रश्न नावांचा. या भागातलं रजिस्टर कधी उघडून पाहा. पाडवी, वळवी, वसावे, तडवी, पावरा, गावित, नाईक, ठाकरे. एका पानावर पाच-सहा वसावे सहज. त्यातले दोघे एकाच पहिल्या नावाचे असणं रोजचं. जन्मतारीख विचारून खात्री करू म्हटलं तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून. एका पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. मग ओळख पटवायची कशावरून? रुग्णालयाच्या नोंदणी क्रमांकावरून, आणि तो क्रमांक हाताने टाइप न करता बारकोडने. मनगटावरच्या पट्टीवर बारकोड, सिरिंजवर त्याचाच जुळा, यंत्रापाशी स्कॅनर. ऐकायला शहरी थाट वाटेल. पण पुण्या-मुंबईपेक्षा याची गरज तळोद्याला जास्त आहे.

इथेही एक बारीक खोच होती. रुग्णालयाचे क्रमांक शून्याने सुरू होत. यंत्राने शून्यासकट पाठवलेला क्रमांक सॉफ्टवेअरने संख्या समजून घेतला आणि सुरुवातीची शून्यं गाळली. क्रमांक जुळेना, निकाल ‘बेवारस’ यादीत जाऊन पडू लागले. अशा यादीतून कोणीतरी अंदाजाने निकाल उचलून नावाला लावतो, ही मला सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटते. क्रमांक म्हणजे बेरीज-वजाबाकी करायची संख्या नाही, तो अक्षरांचा मजकूर आहे, असं सॉफ्टवेअरला सांगावं लागलं. सरकारचा आभा क्रमांक आता 14 अंकी आहे. तो पूर्ण मावेल एवढी जागा यंत्राच्या रकान्यात आहे का, हेही आधीच पाहून ठेवलं.

वेळेचंही तसंच. गंभीर पेशंटची ही तपासणी काही तासांनी पुन्हा पुन्हा होते. पीएच 7.22 वरून 7.31 झाला की 7.31 वरून 7.22, यावर तो सुधारतोय की खालावतोय हे ठरतं. यंत्राचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. आतली बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर तारीख कुठच्या कुठे जाते. म्हणून यंत्राचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी बांधून टाकायचं.

विजेचं मी थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र यूपीएसवर होतं, सर्व्हर यूपीएसवर होता. व्हरांड्यातला नेटवर्क स्विच मात्र साध्या बोर्डावर होता. वादळात वीज गेली की दोन्ही टोकं जागी आणि मधली तार मेलेली. स्विचही यूपीएसवर घेतला. शिवाय तार तुटलेली असताना झालेले निकाल यंत्राने साठवून ठेवावेत आणि जोडणी आल्यावर आपणहून पाठवावेत, अशी सोय यंत्रात असते. ती मेनूत सुरू करावी लागते, कारखान्यातून ती बंदच येऊ शकते.

आणि हे यंत्र इंटरनेटला उघडं ठेवायचं नाही. त्याच्या आतली विंडोज जुनी असते आणि अँटिव्हायरस कंपनी टाकू देत नाही. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हर कोणीतरी कुलूपबंद केले आणि देशातलं एक अग्रगण्य रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे कागदावर चाललं. म्हणून लॅबचं नेटवर्क वेगळं ठेवलं, कंपनीच्या इंजिनिअरला दुरून आत यायचं असेल तर विचारून यायचं असं ठरवलं, आणि हाताने लिहायचं रजिस्टर बंद करू दिलं नाही. काही डॉक्टरांना रजिस्टर म्हणजे मागासलेपण वाटतं. मला तसं वाटत नाही. डोंगराच्या पायथ्याशी काम करणाऱ्या लॅबने दोन्ही ठेवावं.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे जाणं झालं तेव्हा ताईंनी एका मुलाची नोंद उघडून दाखवली. सिकलचा मुलगा, धडगावच्या वरचा. स्क्रीनवर त्याच्या तीन खेपा एकाखाली एक होत्या. दोनदा तापात आलेला, एकदा नुसता तपासणीला. प्रत्येक खेपेचा ऑक्सिजनचा दाब, त्याच्या शेजारी टक्केवारी, वेळ, आणि ज्याने सिरिंज लावली त्याचं नाव. बरा असतानाचा आकडा मधल्या ओळीत स्वच्छ दिसत होता. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि मुलाला तातडीने नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजकडे पाठवलं. तापीवर हातोड्याचा पूल झाल्यापासून नंदुरबार जवळ आलंय. सोबत तिन्ही खेपांचा एक छापील कागद गेला, शाईने छापलेला.

तालुक्याच्या दवाखान्यांना यंत्रं मिळतात. जिल्हा नियोजनातून, आमदार निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, कधी ट्रस्टच्या देणगीतून. मागणीपत्रात यंत्राचं नाव असतं, मॉडेल असतं, ‘बसवून चालू करून देणे’ असंही असतं. जोडणीचा उल्लेख बहुधा नसतो. मग यंत्र फीत कापून सुरू होतं आणि त्याच्या पट्ट्या पिशव्यांत फिक्या पडत राहतात. नंतर जोडणी मागितली की लायसन्सचे वेगळे पैसे, संवादाच्या भाषेचं पुस्तक ‘गोपनीय’, केबल कोणी टाकायची यावर वाद. खरेदीच्या फाइलवर ज्यांची सही होते त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मागणीपत्रात या गोष्टी आधीच लिहा: निकाल रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही. संवादाच्या भाषेचं पुस्तक यंत्रासोबत मिळालं पाहिजे. बारकोड स्कॅनर आणि स्विचचा यूपीएस किमतीत धरलेला असावा. आणि चाचणी कंट्रोलच्या द्रावणावर न थांबता ऑक्सिजनवरच्या एका खऱ्या पेशंटच्या नमुन्यावर, लॅबच्या टेक्निशियनसमोर व्हावी, आणि त्या चाचणीच्या कागदावर टेक्निशियनची सही असावी. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. यंत्र आधीच येऊन पडलं असेल तरी उशीर झालेला नाही, त्याच्या पाठीमागे लॅनचं तोंड आहे का एवढं आजच पाहून घ्या.